खाली ठेवलेला पेला

अरबांचा सलाम मी पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, दिंद्रुडच्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि उर्दू लिहितो-वाचतो म्हणून माझं नाक बरंच वर होतं. आमचं गाव गेवराईच्या बाजूला, गोदावरीच्या काठाला. गावाबाहेर जहागीरदाराची गढी होती आणि तिच्या दारावर निजामाच्या राज्यात सगळीकडे असत तसे पाच-सहा अरब पहाऱ्याला होते. कमरेला वाकड्या पात्याचा जंबिया, खांद्यावर लांब नळीची बंदूक, डोक्याला रंगीत फडकं. लोक त्यांना इतके भीत की गढीकडची पाणंद सोडून शेतातून वळसा घालून जात.

दोन अरब भेटले की आमच्यासारखं 'रामराम' टाकून पुढे सरकत नसत. घोड्यावरच्यानं चालणाऱ्याला आधी सलाम करायचा, चालणाऱ्यानं बसलेल्याला. मग हात हातात, मग छातीवर, आणि जवळचा माणूस असेल तर नाकाला नाक लावायचं. त्यानंतर विचारायचं, 'खबर?' आणि समोरच्यानं म्हणायचं, 'खैर.' त्याचं घर जळून राख झालेलं असलं तरी 'खैर'च म्हणायचं. खरी बातमी कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, पिऊन झाल्यावर. हे सगळं इतकं सावकाश चाले की तेवढ्या वेळात आमच्याकडे एखाद्या लग्नाची बोलणी उरकली असती. मी मित्रांना नाक लावून त्याची नक्कल करून दाखवत असे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

या अरबांचा जमादार पन्नाशीचा होता. तो स्वतःला बदू म्हणवत असे, म्हणजे तंबूत राहणाऱ्या वाळवंटी अरबांपैकी. आजोबा उंटांमागे फिरले आणि आपण इथे येऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहिलो, याचं त्याला वाईट वाटे. त्यामुळेच की काय, आजोबांच्या रीती तो फार कडक पाळत असे.

त्या साली संक्रांत होऊन गेल्यावर मी हिवतापानं आजारी पडलो आणि महिनाभराची रजा घेऊन घरी आलो. मी यायच्या आदल्या आठवड्यात जमादाराची घोडी नदीच्या ओल्या रेतीत पोटापर्यंत रुतली होती. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, आपली बैलजोडी नेऊन नाड्यानं ती ओढून काढली. गावातल्या बाकीच्या लोकांनी काठावरून बघण्याचं काम केलं. मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जमादाराचं बोलावणं आलं, कहवा प्यायला या म्हणून.

आबा म्हणाले, "न्हाई म्हनायची सोय न्हाई. चल तू संगं. मला काय त्येंची भाषा येत न्हाई."

आबांना उर्दू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेवराईच्या कचेरीत विहिरीच्या तंट्यासाठी त्यांनी कितीतरी वर्षं खेटे घातले होते, पण प्रत्येक वेळी कोणीतरी वाचणारा-बोलणारा सोबत नेत. ती कचेरीची भाषा, ती घरात नको, असं त्यांचं म्हणणं असे.

हा विहिरीचा तंटा म्हणजे आमच्या घराचं जुनं दुखणं. विहीर दोघांत सामाईक होती, आमची आणि आबांच्या चुलतभावाची. मी त्यांना काका म्हणत असे, पण तोंडदेखलं. पाळी ठरलेली, चार दिवस आमची मोट, चार दिवस त्यांची. काका पाळी मोडत. आमच्या दिवशी अर्धा दिवस मोट धरत आणि विचारलं तर वर तोंड करून भांडत. माझा स्वभाव तापट, त्यात ताप अंगात मुरलेला. काका डोळ्यांसमोर आले तरी माझं डोकं फिरत असे.

आम्ही गेलो ती दुपार होती. गढीच्या दाराशी कडुलिंबाखाली चटई अंथरलेली, शेजारी विस्तव, त्यावर लांब चोचीचं पितळी भांडं. सगळे अरब उठून उभे राहिले. जमादारानं आबांना स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. आधी स्वतः एक घोट पिऊन दाखवला आणि मग बिनकानाचा, लिंबाएवढा पेला भरून आबांच्या हातात दिला. पेला तिसरा हिस्साच भरलेला होता. आल्याचा वास येत होता.

आता आबा आमच्या जातीच्या पंचातले. दुसऱ्याच्या, त्यातून मुसलमानाच्या घरचं पाणी त्यांच्या ओठाला लागणं शक्य नव्हतं. तीनच वर्षांपूर्वी बाजारात कोणाच्यातरी हातची रोटी खाल्ली म्हणून त्यांनी एका घराला वाळीत टाकायचा निवाडा दिला होता. पण समोरच्याचं मन मोडायचं नसलं की आमच्याकडे एक रीत होती. दिलेल्या वस्तूला हात लावायचा, कपाळापर्यंत न्यायची, आणि न खाता-पिता आदरानं खाली ठेवायची. आबांनी तेच केलं. पेला कपाळाला लावला आणि गुडघ्याशी चटईवर ठेवला.

आणि तिथलं सगळं थांबलं. हसणारे अरब गप्प झाले. जमादाराचा हात भांड्यावर होता तिथेच राहिला. त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"बोलो पटेल," तो म्हणाला. आबा पाटील नव्हते, पण अरब सगळ्या शेतकऱ्यांना पटेलच म्हणत. "क्या होना तुमकू?"

"काय पाहिजे म्हणून विचारतोय," मी आबांना सांगितलं.

आबा हसले. "काय नगं म्हनावं. समदं हाय देवाच्या दयेनं."

मी तसं सांगितलं. जमादाराचा चेहरा आणखी कठीण झाला. त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात विनवणी होती. मला वाटलं, घोडीच्या उपकाराची फेड केल्याशिवाय याला चैन नाही. आबांनाही तसंच वाटलं असावं. ते वैतागून, पण थट्टेनंच म्हणाले, "मंग सांग त्येला, द्यायचीच तर आमच्या चुलतभावाला वाईच अक्कल दे. आमच्या पाळीला मोट धरतोय."

हे मी उर्दूत सांगायचं होतं. मी सांगितलं ते असं होतं, की आमचा एक भाऊबंद आमच्या विहिरीवर येऊन दांडगाई करतो, त्यानं पुन्हा त्या विहिरीवर पाऊल ठेवू नये. पाऊल ठेवू नये, हे शब्द मी घातले. का घातले, तर मला ते घालावेसे वाटले. बोलताना मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

जमादारानं दाढीला हात लावला. "हो गया," तो म्हणाला. मग तो वाट पाहू लागला, पेल्याकडे बघत. आबांनी काही पेला उचलला नाही. थोड्या वेळानं जमादारानं तो दोन्ही हातांनी उचलला, त्यावर पितळी झाकणी ठेवली आणि गढीच्या भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. आबा घरी येऊन आंघोळ करून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मोटेच्या धावेवर, बैल मागेपुढे चालतात त्या उतारावर, एक अरब बसलेला होता. बंदूक मांडीवर आडवी. आबांना पाहून तो उठला, छातीवर हात ठेवून त्यानं सलाम केला. आबांनी गोंधळून रामराम घातला. उन्हाला बसला असेल, असं मी म्हटलं. आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग बैल जुंपायला गेले.

उन्हं चढल्यावर काका आले, नेहमीप्रमाणे पाळी मोडायला. अरबाला पाहून जरा थबकले आणि "रामराम" म्हणाले. अरबानं उत्तर दिलं नाही. काकांनी पुन्हा रामराम घातला. अरबानं त्यांच्याकडे पाहिलं, नीट डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि बंदुकीची नळी मांडीवरून उचलून गुडघ्यावर टेकवली. काका काही न बोलता परत गेले. मला खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला आनंद झाला. आमच्या मोटेला दिवसभर पाणी मिळालं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो होताच. तिसऱ्या दिवशीही होता, आणि त्यानं धावेच्या कडेला तीन दगडांची चूल मांडली होती. मोटेचा आवाज तेवढा येत होता. एरवी विहिरीवर धुणं घेऊन येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या होत्या. आमचा गडी बैल हाकताना गाणी म्हणत असे, तोही गप्प होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की आमची पाळी उद्या संपते आणि परवा सकाळी काका हक्कानं बैल घेऊन येणार. त्यांचा गहू ओंबीत होता. पाणी चुकलं तर हाताशी काही लागलं नसतं. ते येणारच होते.

मी गढीवर गेलो. जमादार नव्हता. त्याची बायको आमच्याच मुलखातली, घाटनांदुरकडची मुसलमान बाई. गोणपाटाच्या पडद्याआडून तिनं मला ओळखलं.

"भाबी, तो माणूस विहिरीवर कशाला बसवलाय?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे?" ती म्हणाली. "तुमच्या आबांनी मागितलं न्हाई का? पेला खाली ठिवला न्हाई का त्यांनी?"

मग तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या लोकांत पाहुण्यानं कहव्याचा पेला न पिता खाली ठेवला, म्हणजे तो काही मागायला आलाय. आधी माझं काम कबूल कर, मग पितो. आणि ज्यानं पेला दिला त्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांचं नाक गेलं. आबांनी नको-नको म्हटलं ते त्यांना लाजेचं वाटलं. आणि कबूल केल्यावरही आबांनी पेला उचलला नाही, तेव्हा जमादार समजला की हा पक्का माणूस आहे, काम पुरं झाल्याशिवाय ओठाला लावणार नाही.

"तवापासून पेला कोनाड्यात हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी ते बघून येतात. मास्तर, त्यांनी त्या मानसाचा सलाम घेयाचा न्हाई म्हनून हुकूम दिलाय. ज्याचा सलाम घेतला त्याच्यावर हात टाकता येत न्हाई. म्हनून घेत न्हाईत."

काकांनी दोनदा घातलेला तो रामराम मला आठवला.

जमादार आला तेव्हा मी त्याला सांगितलं, आमचं मागणं आम्ही परत घेतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली. "पेला तुम नहीं रखे," तो म्हणाला. "तुम तो ज़बान थे. जो रखा, वो आके उठाए." आबा येऊन तो पेला प्याले तर गोष्ट संपली. नाहीतर त्याचा शब्द होता तिथे होता. मी त्याला एक गोष्ट सांगू शकलो असतो, की आबांनी ते मागितलंच नव्हतं, मी मागितलं होतं. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं.

तिथून मी तडक काकांकडे गेलो. म्हटलं, चार दिवस विहिरीकडे येऊ नका, जिवाला धोका आहे. काकांनी माझं ऐकून घेतलं आणि तंबाखू थुंकले.

"तुज्या बापानं अरब आनून बसीवला व्हय मला भ्या दावायला?" ते म्हणाले. "मास्तर झाला म्हनून मला शिकवतो का बे? परवा पाळी माजी हाय. बगतो कोन आडवतंय ते." त्यांचा आवाज मात्र थोडा कापत होता, आणि ते माझ्या लक्षात आलं होतं. घाबरलेला हट्टी माणूस मागे फिरत नाही, हे मला घरातल्या अनुभवावरून ठाऊक होतं. गेवराईला जाऊन कचेरीत सांगावं तर जाऊन येऊन दोन दिवस गेले असते, आणि अरबांच्या वाटेला कोणता शिपाई जाणार होता?

चौथ्या दिवशी मी आबांना पेल्याचं सांगितलं. पेल्याचंच तेवढं सांगितलं. ते दोरखंड वळत बसले होते. वळता वळता थांबले.

"कवाधरनं ठिवलाय म्हनला पेला?"

"त्या दिवसापासून."

"आन् मीच प्यायला पायजे."

"हो."

त्यांनी दोरखंडाचा पीळ पुरा केला, गाठ मारली आणि बाजूला ठेवला. आणखी काहीही विचारलं नाही. मी वाट बघत उभा होतो की ते म्हणतील, तू नक्की काय सांगितलं होतंस? त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपला सुटल्यासारखा झालो.

पाचव्या दिवशी उजाडल्यावर काकांचे बैल आमच्या घरावरून विहिरीकडे निघाले. काका मागे, खांद्यावर आसूड. आबांनी आंघोळ केली होती, धुतलेलं धोतर, धुतलेलं पागोटं. देवाला जाताना घालत ते. ते उलट्या दिशेला, गढीकडे निघाले आणि मी त्यांच्या मागे.

वाटेत चार माणसं भेटली. सगळ्यांनी आबांना रामराम घातला. आबांनी प्रत्येकाला थांबून, नीट हात जोडून परत केला. मला घाई झाली होती, मी मनात चरफडत होतो. एवढ्या सावकाश कशाला, हे मला नंतर कळलं.

जमादारानं कोनाड्यातला पेला आणला, शिळा कहवा मातीत ओतला, पेला विसळला आणि नवा भरला. आबांनी पेला कपाळाला लावला. क्षणभर मला वाटलं, हात सवयीनं खाली जातोय. मग ते प्याले. जमादारानं लगेच पुन्हा भरला. आबांना वाटलं हाही प्यायलाच हवा, तोही प्याले. तिसराही प्याले. पुरे झालं की पेला बोटांत हलवून दाखवायचा असतो, हे त्यांना कोण सांगणार? मी चौथ्या वेळी त्यांचा हात धरून हलवला. बाटायला एक पुरला असता, आबा तीन पिऊन बसले. जमादारानं त्यांचे खांदे धरले आणि आपलं नाक त्यांच्या नाकाला लावलं. लिंबापलीकडून पाणी घेऊन चाललेल्या दोन बायका घागरी सांभाळत बघत उभ्या होत्या.

जमादारानं डोक्याचं फडकं काढून माझ्या हातात दिलं आणि विहिरीच्या दिशेनं बोट केलं. मी पळालो. अंगात ताप होता, काटेकुटे कळत नव्हते. विहीर दिसली तेव्हा काका धावेच्या तोंडाशी बैल वळवत होते आणि अरब उभा होता, बंदूक खांद्याला लावून. काका ओरडून काहीतरी म्हणत होते. मला ते ऐकू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणत होते, "रामराम, रामराम." मी ते फडकं वर धरून ओरडलो. अरबानं फडकं पाहिलं, नळी खाली केली, आणि उजवा हात छातीवर ठेवून काकांना सलाम केला. काका तिथेच धावेवर मटकन बसले.

अर्ध्या तासात ते सावरले आणि त्यांनी मोट धरली. दुपारी गावात सांगत होते, अरबाला असा दम भरला की सलाम ठोकून पळाला.

संध्याकाळी त्या दोन बायकांनी पाहिलेलं घरोघर झालं. तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले, आणि तक्रार घेऊन उभे राहिले ते काका. अरबाशी संगनमत करून मला मारायला बसवला आणि त्याच्याकडचं पिऊन आला, असं ते म्हणाले. पंचांनी आबांना विचारलं, प्यालास का? आबा म्हणाले, प्यालो. कशापायी? आबा गप्प राहिले. मी मागे उभा होतो. माझ्या संतापाची मला किती घमेंड होती! तो त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. मी सगळं सांगायला पुढे सरकलो, तर आबांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी जागीच थांबलो. आणि खरं सांगायचं तर थांबायला मी तयारच होतो.

आबांना वाळीत टाकलं. घराला नाही, एकट्याला, कारण त्यांनीच ते पंचांकडून मागून घेतलं. त्यांचं ताट ओसरीवर जाऊ लागलं. आई वरून वाढत असे. रस्त्यात लोक त्यांना पाहून तोंड फिरवत, काकांसकट. ज्या गावात त्यांनी चाळीस वर्षं रामराम घेतले-घातले, तिथे त्यांना रामराम घालणारं कोणी उरलं नाही. जमादार मात्र रोज सकाळी घोडीवरून नदीकडे जाताना आमच्या दारात उतरत असे, छातीवर हात ठेवून सलाम करत असे, आणि आबा उत्तर देत.

अशी तीन वर्षं गेली. मग जमादाराची बदली झाली आणि तो निरोप घ्यायला आला. मी सुट्टीवर घरी होतो. बोलणं सांगायला म्हणून मी पुढे झालो.

"बस तू," आबा म्हणाले. "मला येतं."

आणि ते जमादाराशी उर्दूत बोलले. कचेरीतली स्वच्छ उर्दू, माझ्याहून सफाईदार. घोडीची चौकशी केली, भाबीची केली, नव्या गावाचं पाणी कसं आहे विचारलं. मी खांबाला धरून उभा राहिलो. नाकाला नाक लावून जमादार गेला.

"तुम्हाला तेव्हाही कळत होतं," मी म्हणालो.

"कळत व्हतं की."

"मग आबा, तुम्ही तिथंच का नाही बोललात? मी काय सांगितलं ते..."

"मी अक्कल मागितलती. तू पाऊल मागितलंस," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला ऐकून बरं वाटलं रे. म्हनून गप बसलो. मंग पेला माजाच व्हता की न्हाई?"

आई आबांचं ताट घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटलं, माझंही इथेच आण. तिनं आबांकडे पाहिलं, मग आत जाऊन माझं ताट आणलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. आबांनी ते उचललं, कपाळाला लावलं, आणि परत तिच्या हातात दिलं.

"त्येला आत वाढ," ते म्हणाले.